एक चप्पल ठेवा, फावडं न्या

पंचफुलेची मान धरली तेव्हा भिलाईचा कारखाना अजून अर्धा खड्ड्यातच होता. तीन वर्षं तिनं डोक्यावरून काँक्रीटची घमेली वाहिली. आता मान वळवायची तर सगळं अंगच वळवावं लागे. चरोद्याला रेल्वेत मजूर-खलाशी असलेला तिचा नवरा पुंडलिक म्हणे, घरी बस. पण बसणाऱ्यातली ती नव्हती. तिनं ठेकेदाराच्या मुनशीला, देवरावला गाठलं आणि हत्यारांची टिनाची शेड सांभाळायचं काम मागितलं.

देवराव तिच्यासारखाच नागपूरकडचा. प्रत्येक गोष्ट दोनदा बोले, एकदा स्वतःला ऐकवायला, एकदा दुनियेला. "आठ रोज पाहीन तुले. आठ रोज पाहीन. एक बी नग कमी निंघाला त परत घमेलं. परत घमेलं."

शेडीवरचा आधीचा माणूस वहीत नावं लिहायचा, तरी रोज काहीतरी गायब व्हायचंच. पंचफुलेला लिहिताच येत नव्हतं. तिनं पहिल्याच सकाळी कायदा काढला. हत्यार नेणाऱ्यानं एका पायातली चप्पल शेडीत ठेवायची. दोन्ही ठेवल्या तर माणूस अनवाणी घर गाठेल. उरलेली एक घेऊन जाणार कुठं? ज्याच्या पायात काहीच नाही त्यानं गमछा ठेवायचा.

झालं. सकाळी सात वाजता शेडीपुढं अख्खा मुलूख एका पायावर उभा राहू लागला. रायपूरकडचे फावड्यासाठी "दाई, रापा दे न वो" म्हणून लाडीगोडी लावत. आंध्रातले पहारीसाठी "अम्मा, सब्बल" एवढंच बोलून हात पुढं करत. ट्रक ड्रायव्हर ओमप्रकाश तर लांबूनच गर्जत येई, "ओ बैणजी, पाना दे, गड्डी खड़ी ए." सगळ्यांना उत्तर एकच, मान न वळवता. "चप्पल."

सात दिवस एक खिळासुद्धा कमी झाला नाही. आठव्या सकाळी इंजिनियर अरुणकुमार साहेब आले. कोवळा माणूस, पायात फितीचे काळे बूट. त्यांना पाणसळ हवी होती, मिस्त्री लोक जिला लेवल म्हणत ती लांब पट्टी, मधल्या काचेत बुडबुडा असलेली. शेडीत ती एकच. "बस पाँच मिनट," म्हणाले आणि घेऊन गेले. पंचफुलेच्या ओठांवर आलं होतं. पण साहेबाला बूट काढा कसं म्हणावं? ती गप्प बसली, आणि चुकली ती तिथंच.

पाच मिनिटांचे चार वाजले. साडेपाचला देवराव शेवटची मोजणी करायला येणार. तिनं ओमप्रकाशला दाराशी बसवलं. त्याच्या एका पायातला जोडा शेडीतच होता, तो पळणार नव्हता.

लेवल पलीकडच्या पायव्यावर सापडली, दुसऱ्याच ठेकेदाराच्या चिंधू मिस्त्रीच्या हातात. अर्ध्या तासाचं काम बाकी आहे, तो म्हणाला, आत्ता सोडलं तर पायवा वाकडा जाईल. साहेबही तिथंच उभे होते. भेज दूँगा, म्हणाले.

"सबेरे बी आप यहीच बोले, साहेब."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. पंचफुलेनं मनात हिशेब केला. लेवल गेली तर घमेलं, साहेब चिडले तरी घमेलंच. मग बोलून तरी घ्यावं.

"काम पूरा करो. पर बूट देव. एक. सब का एकच कायदा है."

मिस्त्र्यांच्या थाप्या थांबल्या. साहेब हसले, कोणी साथीला हसतंय का ते पाहिलं. कोणी हसलं नाही.

"मज़ाक है?"

"नहीं साहेब. मान गई मेरी. लेवल नहीं मिली तो फिर घमेला, और घमेला अब मेरे से उठता नहीं."

साहेबांचे कान लाल झाले. सिमेंटच्या पोत्यावर बसून त्यांनी फीत सोडली. बूट घेऊन पंचफुला आली त्या वाटेनं परत गेली.

देवराव आला. लेवलच्या जागी बूट. कोणाचा ते कळल्यावर तो खालीच बसला. "साहेबाचा? साहेबाचा? जा, देऊन ये. पाय धर त्याचे."

"लेवल आल्याबिगर बूट हालनार नाही, मुनशीजी. मले काढाचं त मंग काढा."

खडीवरून लंगडत साहेब स्वतःच आले. मोजा सिमेंटनं पांढरा झालेला. लेवल पुसून आणलेली होती. त्यांनी ती फळीवर ठेवली, बूट घेतला, फीत बांधली आणि निघून गेले. ते दिसेनासे होईपर्यंत देवराव हात जोडून उभा.

मग त्यानं मोजणी केली. पुन्हा केली. कमी काहीच निघेना, तेव्हा पंचफुलेनं हात पुढं केला. शेडीची चावी आठही दिवस देवरावच्याच कमरेला होती. सोडायला त्यानं बराच वेळ लावला. तिनं हात मागं घेतला नाही.