कोळशानं लिहिलेल्या तारखा

आमच्या साताऱ्याच्या आळीतला गवंडी नव्या कामावर आला की थापी काढण्याआधी कोळसा मागायचा. घराला जोडून खोली बांधायला घेतली, तेव्हाही त्यानं आमच्या भिंतीवर झोकात तारखा लिहिल्या: पाया कधी, पत्रे कधी. मग तंबाखू मळत म्हणाला, “लिवलं की निम्मं काम झालं, गुर्जी.”

उरलेल्या निम्म्याला त्याला सवड होईना. बहिणीचं लग्न आठवड्यावर आलं, तरी खोलीवर पत्रा नाही. शेवटी मी त्याला दंडाला धरून तारखा दाखवायला नेलं. परमिटावर मिळवलेलं सिमेंट वापरून त्यानं नेमकी तीच भिंत गिलावा करून गुळगुळीत केली होती.

“तारखा कुठं गेल्या?” मी ओरडलो.

ओल्या गिलाव्यावरून प्रेमानं हात फिरवत तो म्हणाला, “आत हायत की, गुर्जी! आता कुणाच्यानं पुसायच्या न्हाईत.”