चौथी पायरी बिघडली आहे

वनाद्झोर शहरात दुसरीतलं पोरही शाळेत बुद्धिबळ शिकतं. त्यामुळे हमायाक मास्तरांच्या वर्गाला यायच्या त्या आज्या आणि आजोबा. घरी नातवंडांकडून मात खाऊन खाऊन वैतागलेली ही मंडळी संस्कृतिभवनाच्या तळघरात जमत, सूर्यफुलाच्या बिया सोलत आणि कॉफी पीत हरायला शिकत. जिंकायचं अजून कुणाला जमलं नव्हतं.

मास्तर रसायनांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांची सगळी पत एका जुन्या डावावर उभी होती. कारखान्यात आलेल्या एका ग्रँडमास्टरनं एकाच वेळी वीस कामगारांशी खेळताना एकट्या हमायाकशी बरोबरी केली होती. पाहुण्याला तिबिलिसीची गाडी गाठायची होती, एवढं मात्र मास्तर सांगताना गाळत.

भवनाच्या संचालिकाबाईंनी वर्गाला संगणक दिला. त्यातल्या खेळाडूच्या, सोप्यापासून अवघडापर्यंत, दहा पायऱ्या होत्या. "कच्च्या मंडळींना कुठली लावायची, ते तुम्हीच ठरवा," त्या म्हणाल्या. "तुमच्याहून जाणकार दुसरं आहे कोण?"

निवडीचा नियम मास्तरांनी वर्गाकडून कधीच पाठ करून घेतला होता. आपल्याहून बोटभर उंच असेल त्याच्याशी खेळावं. तीनपैकी दोन डाव त्यानं जिंकले तर तो गुरू, तिन्ही जिंकले तर कसाई, तिन्ही हरला तर भाट.

मास्तर एकटेच खेळून बघायला बसले. पहिल्या तीन पायऱ्या भाट निघाल्या. यंत्र बराच वेळ शहाण्यासारखं खेळे आणि अचानक आपला वजीर प्याद्याच्या तोंडी देई. चौथीवर असलं दान नव्हतं. तिच्या चुका माणसासारख्या होत्या, घाईच्या आणि हावरटपणाच्या. शिकायला याहून चांगला गडी मिळाला नसता. फक्त तीनपैकी दोन डाव तो जिंकला, आणि समोर मास्तर होते.

दुसऱ्या दिवशी संगणकावर चिठ्ठी दिसली: 'चौथी पायरी बिघडली आहे. तिसरीवर खेळावे.'

वर्ग खूश झाला. सगळ्यात खूश न्वार्दबाई. स्टेशनवर तिबिलिसीच्या गाडीची तिकिटं विकण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि आता त्या रोज यंत्राला हरवत होत्या. "रविवारी लुसिने येतेय," त्या सगळ्यांना सांगत सुटल्या. "आठ वर्षांची कार्टी, मला 'आजी, झोपलीस का' म्हणते! या खेपेला बघतेच तिला."

सोमवारी त्या आल्या आणि कोटही न काढता मास्तरांसमोर उभ्या राहिल्या.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"काय व्हायचं? ती वजीर देईल म्हणून मी वाट बघत बसले. मेलीनं दिलाच नाही!"

"कशाला देईल?"

"तुमचं यंत्र रोज देतं की! तुम्ही मला वाट बघायला शिकवलंत, मास्तर. ती कला मला तिकीटखिडकीवरच येत होती."

मास्तरांनी बियांची वाटी पुढे सरकवली. बाईंनी ती परत मागे सरकवली.

"चौथी दुरुस्त होत नाही?"

मास्तरांनी उठून चिठ्ठी काढली. "झाली," ते म्हणाले.

"इतक्यात? खेळून पाहिलीत?"

"पाहिली."

"किती डाव जिंकली?"

शेजारच्या खोलीत नर्दीच्या सोंगट्या खेळणाऱ्यांचे फासे खळखळले.

"दोन."

"तीनपैकी?"

"तीनपैकी."

न्वार्दबाईंनी हिशेब लगेच केला. कोट काढला, खुर्ची ओढली आणि ती मास्तरांकडे ढकलली. "बसा मग. आधी तुमचा गुरू. मी बघत बघत शिकते. कॉफी टाकू?"

मास्तर बसले. चौथी पायरी लावली आणि सवयीनं झटकन घोडा उचलला. मागून न्वार्दबाईंचा हात खांद्यावर पडला.

"सावकाश, मास्तर. याला तिबिलिसीची गाडी गाठायची नाहीये."