पायानं पसंत केलेली फरशी

भोपाळमधल्या साकेत नगरातल्या आमच्या घरात चकचकीत पांढऱ्या टाइल्स मीच हट्टानं बसवून घेतल्या होत्या. तोंड दिसायचं त्यांत. त्यांच्यावरूनच आई घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. मेली ती हौस!

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी वॉकर दिला आणि मला बाजूला घेऊन बजावलं, की आता चालल्या नाहीत तर कायमच्या अंथरुणाला खिळतील. पण आई पलंगावरून पाय खाली सोडायलाच तयार नव्हती. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितं, हे मला कळत होतं, तरी मी चिडायचे. ओरडायचे तिच्यावर, राग यायचा तो स्वतःचा.

टाइल्स उखडायच्या तर महिनाभर धूळ आणि खर्चही भलताच. ऑफिसातल्या एका बाईंनी टाइल्स न उखडता वरूनच बसणारं लॅमिनेट सुचवलं. मी नाक मुरडलं. लाकडाच्या भुशाच्या पाट्या आणि वर लाकडाचं चित्र, ही काय फरशी म्हणायची? पण परवडणारी तेवढीच होती, म्हणून कारागिराला बोलावलं. पन्नाशीचा, जुन्या भोपाळचा, शांत माणूस. मी रंगांबद्दल विचारायला लागले, तर तो नमुन्याचे चार तुकडे घेऊन सरळ आईच्या पलंगापाशी जाऊन बसला. तुकडे खाली ओळीनं मांडले आणि म्हणाला, "अम्माजी, आँख से नहीं, पाँव से पसंद कीजिए."

मी महिनाभर जिथं डोकं फोडत होते, तिथं या परक्या माणसाचं ऐकून आईनं पाय खाली सोडला. पहिले दोन तुकडे तिला गुळगुळीत लागले. तिसऱ्यावर अंगठा घासून पाहिला, टाच टेकली आणि म्हणाली, हा. किंचित खरखरीत, सागासारखा दिसणारा, आणि चारांत सगळ्यात स्वस्त. मला आत जाऊन रडावंसं वाटलं.

पाट्या आल्या, तर त्या दोन दिवस नुसत्याच खोलीत ठेवल्या. घराची हवा लागू द्यायची म्हणे. मी कुरकुरले. भिंतीकडेनं फट सोडली तेव्हा तर भांडलेच. त्यानं न चिडता समजावलं, की पावसाळ्यात पाट्या फुगतात, जागा नसली तर मधोमध वर उचलल्या जातात, आणि मग तिथं ठेचकाळणार कोण? फटीवर पट्टी येणारच होती. टाइल्सवर फोमचा पातळ थर, त्यावर पाटीत पाटी अडकवत, एकही खिळा न ठोकता संध्याकाळपर्यंत दोन्ही खोल्या पुऱ्या. दार घासायला लागलं, ते खालून तासून दिलं. जाताना बजावलं, बादली ओतायची नाही, घट्ट पिळलेल्या फडक्यानंच पुसायचं. कारागीर असावा तर असा! मी अनवाणी घरभर फिरले. जानेवारी असूनही पाय गार पडले नाहीत, आणि ज्या फरशीला मी नावं ठेवली होती तिच्यावरच माझा जीव जडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई वॉकर धरून उभी राहिली. मी तिचा दंड पकडला, इतका घट्ट की तिला दुखलंच असेल. चार पावलं टाकून ती थांबली.

"सोड आता," ती म्हणाली. "त्या दिवशी मी पडले होते. तू पाडलं नव्हतंस."

मी दंड सोडला. ती एकटी खिडकीपर्यंत गेली.