तीन वाक्यांचा शनिवार

आमची कॉन्फरन्स माझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये राहत असे. आसपासच्या डझनभर कॉलेजांच्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती जिच्या नावाने चालत, त्या संघटनेला ना ऑफिस होतं, ना पगारी माणूस, ना दारावर पाटी. होता तो एक ड्रॉवर. त्यात नियमांचं पुस्तक, जुने निकाल, एक न वाजणारी शिट्टी आणि एक जाड वही. ड्रॉवर आमच्या कॉलेजच्या क्रीडा विभागाचा आणि त्याच्यामागे बसणारी मी, विभागाची टायपिस्ट.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही अमेरिकेत, श्रूजबरीला राहत होतो. मी मूळची सोलापूरची. पाणी ही नळाला येणारी वस्तू, आली की भरून ठेवायची, एवढीच माझी त्याच्याशी ओळख. होडीत मी कधी बसलेही नव्हते. पण टायपिंग वेगात होतं आणि आकडेमोड तोंडी येत होती, म्हणून आधीच्या टायपिस्टने जाताना तो ड्रॉवर माझ्या गळ्यात मारला.

कॉन्फरन्स चालवायची मुलंच. अध्यक्ष एकवीस वर्षांचा, दरवर्षी नवा. वर्षभर काम शिकायचा आणि यायला लागलं की पदवी घेऊन निघून जायचा. प्रत्येक कॉलेजच्या संघाला एक कप्तान, तोही दर जानेवारीत बदलायचा. आमच्याकडे जुन्या कप्तानाने नव्यासाठी त्या जाड वहीत एक पान लिहून ठेवायची रीत होती. कुठली होडी गळते, कुठल्या कॉलेजात रात्री झोपायला गालिचा मिळतो आणि कुठे नुसती फरशी, असलं सगळं त्यात असे.

शर्यतींची पद्धत मला फार आवडायची. होड्या यजमान कॉलेजच्या. पाहुण्यांनी फक्त स्वतःला आणि आपापल्या झोपायच्या पिशव्या घेऊन यायचं. दोन शर्यती झाल्या की सगळ्यांनी होड्या बदलायच्या, म्हणजे खराब होडीच्या नावाने कोणाला रडता येत नसे. भांडण झालंच तर दुपारी टेबलावर लाकडाच्या बोटभर होड्या मांडून सुनावणी व्हायची आणि निवाडा करायला तिसऱ्याच कॉलेजची मुलं बसायची. ज्यांना स्वतःच्या मोज्यांची जोडी सापडत नसे, ती मुलं तिथे कलमांचे क्रमांक सांगत वकिलासारखी बोलत. पाण्यावर मात्र पंच नसे. वळणावर तरंगणाऱ्या बोयाला होडी लागली, तर ज्याची लागली त्याने आपण होऊन त्या बोयाला पुन्हा एक वळसा घालायचा. कोणी पाहिलेलं नसलं तरी. पहिलं वर्षभर माझा यावर विश्वास बसला नाही. मग एकदा एक मुलगा पहिल्या नंबरावर असताना, मागे चिटपाखरू नसताना, बोयाला गरगर वळसा घालून पाचवा आलेला मी पाहिला. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "मूर्ख दिसतोय."

आता ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. आमचे हे दिवसा इंजिनिअर आणि उरलेल्या वेळात महाराष्ट्र मंडळाचे सेक्रेटरी. मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी, कारण शाळेचा हॉल तेव्हाच मिळे. खरी दिवाळी मागे असो की पुढे, मंडळाची दिवाळी हॉलच्या तिथीप्रमाणे. त्यात हे एक नाटक बसवत, आणि त्यात दरवर्षी एक आई असे, आणि ती आई मी. वाक्यं तीन. शिवाय दीडशे माणसांचा मठ्ठा माझ्याकडे.

आणि नेमका तोच शनिवार आमच्या तळ्यावर शर्यतींसाठी सगळ्यात चांगला. तेव्हा वारा हमखास असतो, हे मला मुलांनीच सांगितलेलं. पण आमच्या कॉलेजचा नियम असा, की विभागाचा एक पगारी माणूस धक्क्यावर हजर असल्याशिवाय होड्या पाण्यात सोडायच्या नाहीत. विभागप्रमुख फुटबॉलवाले. शनिवारी ते देवालाही भेटले नसते. म्हणजे मीच.

शरद ऋतूच्या तारखा फेब्रुवारीतल्या सभेत ठरत. पण त्याआधी कच्चं वेळापत्रक मी टाइप करून सगळ्यांना पाठवत असे. टाइप केलेल्या कागदाला लोक फार मान देतात. मी आमचं यजमानपद नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टाकलं, कोणी काही बोललं नाही, आणि ते तसंच राहिलं. मी ह्यांना सांगितलं नाही, मुलांना सांगितलं नाही. कशाला सांगायचं? मोडता काय पडत होता कोणाला?

मोडता पडलाच. पहिल्या वर्षी त्या दिवशी वाऱ्याचा पत्ता नव्हता. मुलं होड्यांत बसून दिवसभर सँडविचेस खात राहिली आणि संध्याकाळी एकही शर्यत न होता परत गेली. दुसऱ्या वर्षी आदल्या दिवशी बर्फ पडला, दोऱ्या काठीसारख्या ताठ झाल्या आणि शर्यती रद्द. आणि कॉन्फरन्सचा नियम होता की प्रत्येक सभासद कॉलेजने तीन वर्षांत एकदा तरी शर्यती पूर्ण करून दाखवायच्या. नाही जमलं तर मताचा हक्क जातो आणि वर्षअखेरच्या अजिंक्यपदाच्या शर्यतीत उतरता येत नाही. आमचं आता एकच वर्ष उरलं होतं.

ते वर्ष आमच्या कप्तान मुलीचं शेवटचं. ती मेन राज्याच्या किनाऱ्यावरची, ताडमाड उंच, हसली की टाइपरायटर हलायचा. मंडळातल्या एका मुलाने ऑफिसात फोन करून "इज काकू देअर?" असं विचारलं होतं. फोन तिने घेतला आणि तेव्हापासून मी सगळ्या संघाची काकू झाले. तिला ते माझं नावच वाटत असे. सरावाहून आली की ती ओले हातमोजे माझ्या खोलीतल्या रेडिएटरवर वाळत टाकी. रेडिएटरच्या वर माझं मराठी कॅलेंडर, त्यावर ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी लाल गोल. एकदा तिने विचारलं, हे काय? मी म्हटलं, "दिवाळी. आमचा सगळ्यात मोठा सण." आता पूर्ण हॉलपुराण कोण सांगत बसणार?

तिला अजिंक्यपदाच्या शर्यतीत उतरायचं होतं. तीन वर्षं तिने दुसरं काही मागितलं नव्हतं. आणि मी, तिसऱ्या वर्षीही, तो कागद मशीनमध्ये घातला आणि पुन्हा नोव्हेंबरचा दुसरा आठवडा टाइप केला. दोन वर्षं नशीब वाईट होतं, तिसऱ्या वर्षी असेलच असं नाही, अशी मी माझी समजूत घातली. माणूस स्वतःची समजूत फार पटकन घालतो.

सभा एका कॉलेजच्या जेवणघरात भरली. भिंतीवर मोठा कागद, त्यावर शनिवारांचे चौकोन, आणि समोर पोरंपोरी डोनट खात तारखांसाठी हमरीतुमरीवर आलेली. मी कोपऱ्यात बसून टिपून घेत होते. इतक्यात किनाऱ्यावरच्या एका कॉलेजचा कप्तान उभा राहिला. त्यांचा धक्का दुरुस्तीला काढला होता, ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार मोकळा होत होता. अध्यक्षाने सरळ आमच्या कप्तानाकडे पाहिलं. तिथल्या प्रत्येकाला आमची अडचण ठाऊक होती.

ती म्हणाली, "नको. आम्हाला नोव्हेंबर चालेल."

माझ्या हातातली पेन्सिल थांबली. तो शनिवार दुसऱ्याच कोणीतरी घ्यायच्या आत अध्यक्षाने कॉफीची सुट्टी जाहीर केली, म्हणून बरं. मी तिला कॉफीच्या टाकीजवळ गाठलं आणि विचारलं, "नको का म्हणालीस?"

"तुमची दिवाळी आहे ना, काकू. लाल गोल." तिने कपात साखर टाकली. "सण तो सण. आमची आजी नाताळात कोणाला होडीला हात लावू देत नाही. नोव्हेंबरात वारा येईलही."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. तिने रागाने म्हटलं असतं तर मी भांडले असते, भांडण मला चांगलं जमतं. पण ती साखर ढवळत होती.

मी म्हटलं, "ती दिवाळी नाही. ते नाटक आहे. शाळेच्या हॉलमध्ये. मी आई होते."

"म्हणजे मुख्य भूमिका?"

"तीन वाक्यं."

"तीन?"

"तीन. आणि मठ्ठा." मठ्ठा म्हणजे काय ते तिने विचारलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. दोन्ही वर्षं तारीख मीच हलवली होती. कोणाला न सांगता.

"दोन वर्षं, काकू," ती एवढंच म्हणाली. मग कप खाली ठेवला. "बोयाला लागलात. वळसा घाला."

सुट्टी संपल्यावर मी उभी राहिले. इतक्या वर्षांत त्या सभेत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. पोरं डोनट हातात धरून वळून बघायला लागली. मी सांगितलं की आमच्या कॉलेजच्या तारखा मी माझ्या घरच्या सोयीने लावल्या, चूक माझी आहे, वाऱ्याची नाही, आणि तो शनिवार आम्हाला हवा आहे. कोणी हसलं नाही, कोणी रागावलंही नाही. अध्यक्षाने चौकोनात आमचं नाव लिहिलं आणि पुढचा विषय घेतला. एवढंच. ज्या गोष्टीचा मी दोन वर्षं बाऊ केला, तिला अर्धं मिनिट लागलं.

घरी मात्र अर्ध्या मिनिटात भागलं नाही. "अगं, नाटक कॅन्सल करू का मग?" हे गरजले. "आई कोण करणार?"

"तुम्ही करा. तीनच तर वाक्यं आहेत."

मी रागात म्हटलं होतं, ह्यांनी मनावर घेतलं. ऑक्टोबरच्या त्या शनिवारी हे माझं नऊवार नेसून, मिशी तशीच ठेवून रंगमंचावर गेले. माझ्या तीन वाक्यांची ह्यांनी नऊ केली म्हणे. आजही कोणी विषय काढला की उठून करून दाखवतात. विषय काढला नाही तरी दाखवतात.

मी तेव्हा धक्क्यावर होते, दोन स्वेटर आणि वर ह्यांचा कोट घालून. वारा इतका, की निकालाचे कागद मांडीखाली दाबून धरावे लागले. होड्या एकामागून एक कलत होत्या, पोरं आरडाओरडा करत होती आणि मी वेळा टिपत होते. दुपारी शेवटची होडी आली आणि अध्यक्षाने माझ्या कागदावर सही केली: शर्यती पूर्ण. माझा जीव भांड्यात पडला. आमची कप्तान सहावी आली होती. काठावर उडी मारून तिने मला चिंब ओल्या अंगाने मिठी मारली आणि ह्यांच्या कोटाची वाट लावली. पुढे अजिंक्यपदाच्या शर्यतीत ती नववी आली आणि पहिली आल्यासारखी नाचली.

जानेवारीत नवा कप्तान झाला. लाजाळू होता, दारातच घुटमळायचा. मी कच्चं वेळापत्रक टाइप करायला कागद मशीनमध्ये घालत होते, तर हा वही उघडून पुढे आला. तिने त्याच्यासाठी लिहिलेलं पान होतं. गळणारी होडी, फरशीवाली कॉलेजं, सगळं होतं, पण त्याच्याही वर, पहिल्या ओळीत, तिच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: "काकूंचं नाटक कुठल्या शनिवारी आहे ते आधी विचार. तारीख बदलता येते. त्या आपण होऊन सांगणार नाहीत."

त्याने वाचून दाखवलं आणि पेन उघडून उभा राहिला. मी मशीनमधला कागद परत बाहेर काढला. मग मी त्याला शनिवार सांगितला.