शर्ट धुणारा पोलीस आणि कळव्याचं भजनी मंडळ

चहा आला आणि माझ्या लक्षात आलं की आजचा ग्रुप हातचा गेला.

आठ बायका टेबलाभोवती बसल्या होत्या. आपण इथे कोणालाही ओळखत नाही, असं प्रत्येकीने दारातच सांगितलं होतं. वेटरने ट्रे ठेवला. हिरव्या साडीतल्या काकूंनी त्यातला एक कप त्याला परत दिला आणि शेजारणीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हिला बिनसाखरेचा आणा. आणि त्यात आलं नको, तिला पित्त होतं."

अनोळखी बाईचं पित्त माहीत असणं आमच्या नियमांत बसत नाही.

मी मार्केट रिसर्चमध्ये मॉडरेटर आहे. म्हणजे कंपन्यांच्या वतीने लोकांना एका खोलीत बसवून त्यांची मतं काढून घेते. वॉशिंग पावडर, चहा, म्युच्युअल फंड, काहीही. बोलक्या माणसाला आवरायचं आणि गप्प बसलेल्याला नावाने हाक मारून बोलतं करायचं, एवढंच कसब. माणसं जमवून आणायला रिक्रूटर असतात. माझ्या रिक्रूटर मंगलताई, राहणार कळवा. त्यांना नियम एकच: माणसं एकमेकांच्या ओळखीची नकोत. ओळखीचे लोक एकमेकांकडे बघून बोलतात आणि मग आठ मतांचं एकच मत होतं.

त्या दिवशीचा माल होता सिनेमा. पाकिस्तानी सिनेमा. दहशतवादावरचा ॲक्शन थ्रिलर.

क्लायंट अंधेरीची एक ओटीटी कंपनी. दुबईतल्या एका मध्यस्थामार्फत त्यांना ह्या सिनेमाच्या रिमेकचे हक्क मिळत होते. गोष्ट चांगली आहे, पण उद्या मूळ सिनेमा कुठला हे कोणी शोधून काढलं तर लोक काय करतील, ही त्यांची धाकधूक. म्हणून आमच्याकडे आले. आधी ब्लाइंड टेस्ट, म्हणजे माल कोणाचा ते न सांगता मत घ्यायचं. मग रिव्हील, म्हणजे नाव सांगून तेच मत पुन्हा विचारायचं. चहाच्या पावडरीला हे ठीक असतं.

सिनेमा हिंदीत डब करून दिला होता. नावं, पाट्या, झेंडे काढून टाकलेले. अतिरेक्यांना सीमेपलीकडून पाठवणारा सूत्रधार कोण, ही वाक्यंही क्लायंटने कापली होती. ती सीमा कोणती हे ओळखायला फार हुशारी लागत नव्हती. त्यामुळे आमच्या सिनेमात अतिरेकी भरपूर होते, पण त्यांना कोणी पाठवलेलंच नव्हतं. आपापल्या जबाबदारीवर आले होते.

पुरुषांचा ग्रुप आदल्या दिवशी कल्याणला झाला. रिव्हीलच्या आधी एकमुखाने "कडक", "बाप ॲक्शन", "हीरोने फाडलंय". रिव्हीलनंतर तेच लोक म्हणाले, "मला पहिल्यापासूनच डाउट होता." एकाने सिनेमाला दिलेले स्टार परत मागितले. मी ते रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं.

बायकांचा ग्रुप ठाण्यात, टेंभी नाक्याजवळच्या एका हॉटेलच्या मीटिंग हॉलमध्ये होता. शेजारच्या खोलीत क्लायंटतर्फे प्रणव नावाचा तरुण मॅनेजर टीव्हीवर आमचं सगळं बघत बसलेला. म्हणून चहाच्या वेळी मी काही बोलले नाही. दाराशी उभ्या असलेल्या मंगलताईंकडे नुसतं बघितलं. त्या छताचा पंखा बघायला लागल्या.

सिनेमा संपला आणि मी चर्चेला सुरुवात केली.

"हीरो तीन गच्च्यांवरून उड्या मारतो, तरी शर्टाची इस्त्री मोडत नाही," एक बाई म्हणाल्या.

"बॉम्बची वायर कापायला केवढा वेळ! तेवढ्यात माझी भाकरी होते."

"गाव कुठलं असेल हे?" मी विचारलं.

"यूपीकडचं."

"काहीतरीच. हैदराबाद आहे. दुकानं बघ ना."

"बघ ना" हा एकेरी उल्लेख मी ऐकला. प्रणवनेही ऐकला असेल, पण त्याचं मराठी बेताचं होतं.

एक बाई मात्र काहीच बोलत नव्हत्या. त्याच त्या, बिनसाखरेच्या चहाच्या. नाव सुनीता. मी सवयीने माझं कसब वापरलं.

"सुनीताताई, तुम्हाला कोणता सीन आवडला?"

"आवडला असं नाही," त्या म्हणाल्या. "तो शर्टाचा."

बाजारात स्फोट होतो. नायक दिवसभर तिथे काम करून घरी येतो. बायको दार उघडते, पण तो आत येत नाही. अंगणातल्या नळाशी बसतो आणि गणवेशाचा शर्ट स्वतः धुतो. बायको हात पुढे करते, तो शर्ट देत नाही. सीन छोटा आहे. बाकीच्या बायकांनी त्या वेळी वेफर्स संपवले होते.

"आमचे हे पोलिसात होते," सुनीताताई म्हणाल्या. "हवालदार. तो मोठा स्फोट झालेला ना, तेव्हा ह्यांची ड्यूटी तिकडेच लागलेली. दुसऱ्या दिवशी घरी आले, तर बाहेरच बादली घेऊन बसले. मी म्हटलं द्या, मी धुते. तर म्हणाले, तू आत जा. मी गेले आत. पण खिडकीतून बघत होते. किती वेळ चोळत होते. त्यानंतर ह्या विषयावर आमच्या घरात एक शब्द नाही. सिनेमावाल्यांना कसं कळलं हो हे?"

आणि त्या रडायला लागल्या. आवाज न करता, पदर तोंडाशी धरून. मला खूप वाईट वाटलं. त्याच वेळी, ही ग्रुपमधली सगळ्यात कामाची दोन मिनिटं आहेत हेही मनात आलं. ह्या धंद्यात दोन्ही एकदम होतं.

मग मी रिव्हील केला. प्रश्नांच्या यादीत होता, म्हणून केला.

सगळ्याजणी आधी माझ्याकडे आणि मग सुनीताताईंकडे बघायला लागल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"म्हणजे मी त्यांच्या पोलिसासाठी रडले?" त्यांनी विचारलं. "पोलीस लाइनीत कळलं तर काय म्हणतील? हवालदाराची बायको पाकिस्तानसाठी रडते?"

पुरुषांच्या ग्रुपमध्ये इथेच सगळ्यांनी पलटी मारली होती. मी तेच होण्याची वाट बघत होते.

हिरव्या साडीतल्या काकूंनी घसा साफ केला. ह्या जोशी काकू, निवृत्त शिक्षिका.

"मीही रडले," त्या म्हणाल्या. "लिहून घ्या."

त्या रडल्या नव्हत्या. मी समोर बसले होते, वेफर्सच्या बशीसकट सगळं मला दिसत होतं.

"मी पण," पलीकडची म्हणाली.

"मी तर केव्हाची."

ओळीने आठही जणी रडल्या. एकीचे डोळे तर खरंच भरून आले होते.

"काकू," मी म्हटलं, "मला प्रत्येकीचं वेगळं मत हवंय."

"वेगळं नाही मिळायचं. आमच्या भजनात पुढे गाणारीचा आवाज अडकला, तर मागच्या टाळकरणी ध्रुवपद धरतात. ती सावरली की पुढची ओळ घेते. तिला एकटीला सोडून थांबायचं नाही, हा मंडळाचा नियम आहे."

"मंडळाचा?" मी विचारलं.

काकूंच्या लक्षात आलं. पण त्या शिक्षिका. खोटं एकदाच बोलायचं ठरवून आल्या असणार, आणि ते दारातच वापरून झालं होतं. "हो," त्या म्हणाल्या. "आम्ही सगळ्या कळव्याच्या एकाच भजनी मंडळातल्या. मंगल आमची खजिनदार."

दाराशी मंगलताई दिसेनाशा झाल्या.

ग्रुप संपवून मी शेजारच्या खोलीत गेले. प्रणव उभाच होता.

"वैशाली मॅम, ती शर्टवाली लेडी! गोल्ड आहे, गोल्ड. तेवढी क्लिप मला आजच पाहिजे. इन्व्हेस्टर मीटिंगला पहिली हीच लावतो. पाकिस्तान सांगितल्यावर तिचा फेस बघितला? दॅट इज द फिल्म."

"रेकॉर्डिंगची परवानगी फक्त रिसर्चसाठी आहे."

"इंटर्नलच आहे ना मॅम. दहा-बारा लोक बघणार."

इंटर्नल म्हणजे काय ते मला माहीत होतं. पूर्वी म्युच्युअल फंडाच्या ग्रुपमध्ये एक गृहस्थ बायकोपासून लपवलेल्या गुंतवणुकीबद्दल बोलले होते. ती इंटर्नल क्लिप आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली, खाली हसणारे चेहरे लावून.

एवढ्यात दारावर टकटक झाली. सुनीताताई होत्या. मी बाहेर पॅसेजमध्ये गेले.

"मॅडम, ते शूटिंग पुसाल ना? लोकांचं सोडा, बोलतील आणि विसरतील. पण मी खिडकीतून बघत होते, हे आमच्या ह्यांना ठाऊक नाही. त्यांना वाटतं कोणीच बघितलं नाही. तेवढ्याच आधारावर उभे राहिलेत हो ते."

मी आत आले.

"प्रणव, हा ग्रुप इनव्हॅलिड आहे," मी सांगितलं. "सगळ्याजणी एकमेकींच्या ओळखीच्या निघाल्या. रेकॉर्डिंगमध्येच कबूल केलंय. नियमाप्रमाणे हा डेटा वापरता येत नाही. फुटेज नष्ट करावं लागतं."

"पण ती लेडी तर जेन्युइन होती!"

"हो. पण ग्रुप नव्हता."

"मॅम, यू आर किलिंग इट. चहा चालू होता तेव्हाच तुम्हाला कळलं असेल की."

मुलगा दिसतो तेवढा बावळट नव्हता. मी म्हटलं, "कळलं असतं तर तेव्हाच थांबवला नसता का?" हे वाक्य मी प्रश्न म्हणून टाकलं. प्रश्न खोटा नसतो.

त्याने माझ्या बॉसना फोन लावला. बॉसनी मला लावला.

"वैशाली, खरंच इनव्हॅलिड आहे?"

"सर, आठजणी एका सुरात रडल्या. त्यांतल्या सहाजणी न रडता."

बॉस म्हणाले, "दुसरा ग्रुप आपल्या खर्चाने घ्यावा लागेल." मी हो म्हटलं. फुटेज माझ्यासमोर पुसून घेतलं आणि मगच घरी गेले.

दुसरा ग्रुप बाळकुमच्या नव्या टॉवरमधल्या बायकांचा. त्या एकाच मजल्यावर राहत होत्या तरी खरोखरच कोणी कोणाला ओळखत नव्हतं. नियमाच्या दृष्टीने आदर्श ग्रुप. रिव्हीलच्या आधी सगळ्यांना सिनेमा "छान" वाटला. रिव्हीलनंतर सगळ्या म्हणाल्या, रिमेक करा, पण आम्हाला सांगू नका. शर्टाच्या सीनबद्दल एकच मत आलं: लांबला आहे, कापावा. क्लायंटने शेवटी रिमेकच कापला.

मंगलताईंना मी महिनाभर काम दिलं नाही. मग शॅम्पूसाठी माणसं मिळेनात, म्हणून मीच फोन केला. त्या काहीच झालं नसल्यासारख्या बोलल्या. फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "सुनीताने सांगितलं हो शेवटी, नवऱ्याला."

"काय सांगितलं?"

"सगळं. सिनेमा पाकिस्तानचा होता, त्यातला पोलीस शर्ट धुतो, मला रडू आलं, आणि मी तेव्हा खिडकीतून बघत होते, ते पण. तिचे मिस्टर मटार सोलत बसलेले. सोलतच राहिले. हिला वाटलं, आता काय बोलतात नि काय नाही."

"मग?"

"मग विचारलं, त्याचा डाग निघाला का? ही म्हणाली, पुढे दाखवलं नाही. तर म्हणाले, नसेलच निघाला. आणि मटाराची दुसरी पिशवी घेतली सोलायला. ही पण बसली जोडीला."

गेल्या महिन्यात मी डोंबिवलीत वॉशिंग पावडरचा ग्रुप घेतला. यादीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळ्यात हट्टी डाग कोणता? हळद आली, पानाची पिंक आली, ग्रीस आलं. कोपऱ्यातल्या एक बाई काहीच बोलल्या नाहीत, हातातल्या पेनचं टोपण उघडझाप करत राहिल्या. पूर्वी मी अशा बाईंना नावाने हाक मारून विचारायचे. आता पुढचा प्रश्न घेते.