कोळशाचा डबा आणि बायकोचं नाक

माझी अमेरिकन मसल कार सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची आहे. आठ सिलिंडरची, आणि ब्रिस्टलमधल्या आमच्या गल्लीत वळली की दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या गाड्यांचे आरसे जीव मुठीत धरतात. त्या काळी अमेरिकेत धुरावर नवे कायदे आले होते. गाड्या बनवणाऱ्यांनी नाखुशीनंच इंजिनाभोवती नळ्या, झडपा, पंप लटकवले. बॉनेट उघडलं की आयसीयूतला पेशंट दिसायचा. रिटायर झाल्यावर मी ही गाडी घेतली आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्या पेशंटच्या सगळ्या नळ्या काढून टाकल्या.

इंटरनेटवर सगळे म्हणत होते, हा कचरा काढा, गाडी मोकळा श्वास घेईल. मी तीस वर्षं विमानाच्या इंजिनांवर काम केलं. कशासाठी आहे ते कळल्याशिवाय एखादा भाग काढला म्हणून मी ज्युनिअर लोकांना झापलंय. स्वतःला कोण झापणार? इथे चाळीस वर्षांवरच्या गाडीला एमओटी, म्हणजे दरवर्षीची सरकारी तपासणी, लागत नाही, शहरातल्या क्लीन एअर झोनचा दंडही नाही. विचारणारं कोणी नसलं की मी हमखास चुकतो.

एक्झॉस्टमध्ये ताजी हवा ढकलणारा पंप गेला. त्याच्याबरोबर लोणच्याच्या बरणीएवढा एक काळा डबाही गेला. आत नुसता कोळसा. मी तो हलवून बघितला, हसलो आणि कौन्सिलच्या टिपवर, म्हणजे कचरा डेपोवर, टाकून आलो. गाडीची ताकद तसूभरही वाढली नाही. इथल्या महाराष्ट्र मंडळात मात्र मी सांगत सुटलो, वाढली.

आता बायकोबद्दल. मंडळाच्या दिवाळीच्या चकल्या वीस वर्षं तिच्या भाजणीच्या असायच्या. भाजणी घड्याळ बघून होत नाही. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, प्रत्येकाचा वास वेगळ्या क्षणी फिरतो आणि त्याच क्षणी कढई उतरवायची असते. तिला तो क्षण दुसऱ्या खोलीतूनही कळायचा. मंडळात तिला ओळखायचे ते या नाकामुळे. मला ओळखायचे फजितीचे किस्से सांगणारा म्हणून.

कोविडमध्ये तिला वास येणं बंद झालं. काही महिन्यांनी वास परत यायला लागला, आणि मी नळ्या काढल्या त्याच उन्हाळ्यात ती म्हणाली, "अहो, किचनमध्ये पेट्रोलचा वास येतोय."

आमचं गॅरेज किचनला लागून आहे, मध्ये एक दार. मी दार उघडलं, दोनदा हुंगलं आणि निकाल दिला, "मला तर काही येत नाही. तुझं नाकच अजून बरं झालेलं नाही."

आमच्या जीपीनं, म्हणजे फॅमिली डॉक्टरनंही सांगितलं, कोविडनंतर असे नसलेले वास येतात. मला आणखी काय हवं होतं? पुढे तिनं पोह्यात पेट्रोल, चहात पेट्रोल म्हटलं की मी मोठ्या समजूतदारपणे मान हलवायचो. शेवटी तिनं तक्रार करणं सोडलं. दिवाळीला भाजणी करताना तिनं प्रत्येक कढई माझ्या नाकाखाली धरली. "बघा हो, झालं का?" मी म्हणालो, "झालं." तीस वर्षं विमानाच्या इंधनात मुरलेलं नाक माझं. त्या वर्षी मंडळाच्या चकल्या मऊ पडल्या आणि कडवट लागल्या. कोणी काही बोललं नाही. पुढच्या वर्षी भाजणी एका डॉक्टरीणबाईंकडे गेली.

यंदाच्या उन्हाळ्यात एका खेड्यातल्या पबच्या मैदानावर जुन्या गाड्यांचा मेळा होता. तसलीच गाडी असलेला एक म्हातारा इंग्रज माझ्या बॉनेटमध्ये वाकला.

"कोळशाचा डबा कुठे?"

"काढला. कचरा होता."

"मग टाकीतली वाफ कुठे जाते?"

त्यानं मला शाळेतल्या पोरासारखं समजावलं. टाकीतली पेट्रोलची वाफ तो कोळसा धरून ठेवतो आणि गाडी सुरू झाली की इंजिन ती ओढून जाळतं. माझी नळी उघडीच लोंबत होती.

"गाडी ठेवतोस कुठे?"

"घरातच. किचनला लागून."

"गॅसची शेगडी?"

"हो."

"बायको आहे अजून?" असं विचारून तो बिअर आणायला गेला.

मी अमेरिकेतून डबा मागवला आणि बसवला. तिला एक शब्द बोललो नाही. चौथ्या दिवशी तिनं किचनमध्ये उभं राहून खोल श्वास घेतला. ती रोज सकाळी लवंग आणि लिंबू हुंगायचा व्यायाम करायची, त्याचाच गुण आला असं तिला वाटलं. सगळ्यांना फोन करून ती लवंगेचं कौतुक सांगत होती. मी बाजूला बसून तीन आठवडे ते ऐकलं.

मग तिनं तांदूळ आणि डाळी धुऊन चादरीवर वाळत घातल्या आणि मंडळाच्या सेक्रेटरींना फोन केला, यंदा भाजणी मी करते. ते अदबीनं म्हणाले, "वहिनी, दगदग कशाला? तुमच्या नाकाला पुन्हा त्रास नको."

तिनं फोन ठेवला. तेव्हा मी सांगितलं. डबा, टिप, नळी, सगळं.

ती बराच वेळ चादरीवरची डाळ हातानं पसरत राहिली. मग म्हणाली, "दोन वर्षं मी डोळे मिटून तुमच्यावर विश्वास ठेवला. माझ्या नाकावर नाही ठेवला." थोड्या वेळानं म्हणाली, "त्यांना फोन करा. जसं मला सांगितलंत तसंच सांगा. स्पीकरवर."

मी केला. एरवी मी किस्सा रंगवून सांगतो. त्या दिवशी अगदी कोरडा सांगितला, तारीख-वार सांगितल्यासारखा. नाक तिचं ठीक होतं, दोष माझा होता, तिनं मागितलेली भाजणी तिला द्या.

पलीकडे सेक्रेटरी हसायला लागले. त्यांनी आपल्या बायकोला बोलावलं आणि तिला सांगताना पुन्हा हसले. "तुमचं डोकं म्हणजे कमाल आहे. वहिनींसाठी काय किस्सा रचलात. दिवाळीच्या कार्यक्रमात हाच सांगा, पंधरा मिनिटं तुमची."

मी म्हणालो, "अहो, खरं सांगतोय."

"तेच तर," ते म्हणाले, "तुम्ही नेहमी असंच म्हणता."

स्पीकरवर सगळं ऐकूनही फोन बंद झाल्यावर तिनं विचारलं, "भाजणीचं काय म्हणाले?"

"त्यावर काही बोललेच नाहीत," मी म्हणालो.

तिनं चादरीची चारही टोकं उचलली आणि वेगवेगळे भाजायचे तांदूळ आणि डाळी तशाच, न भाजता, एकत्र केल्या.