पंचवीस मिनिटांचं अंतर

हेलिकॉप्टर अर्ध्या वाटेतून परत गेलं, असं जावयाने फोनवर सांगितलं तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि माझी मुलगी निकोबारच्या एका बेटावर रक्त जाऊन पांढरी पडली होती. सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून पुढच्याच आठवड्यात माझ्याकडे हडपसरला यायची होती. जावई तिथल्या शाळेत मास्तर.

"परत गेलं म्हणजे काय?" माझा मुलगा ओरडला. "पंचवीस मिनिटांचा तर रस्ता आहे!"

रस्ता म्हणे. खाली सगळा समुद्र.

हे पंचवीस मिनिटांचं पिल्लू त्यानेच सोडलं होतं. सकाळी आठलाच जावयाचा फोन आला. तिथला डॉक्टर सांगत होता, इथे रक्त नाही, ऑपरेशनची सोय नाही, आभाळ मोकळं आहे तोवर पोर्ट ब्लेअरहून हेलिकॉप्टर मागवू. जावई घाबरट. हो म्हणायच्या आधी मेव्हण्याला विचारलं. मेव्हणा खराडीत कॉम्प्युटरवर काम करतो, तेव्हा त्याला पोटातल्या पोराचंही कळत असणार. त्याने लॅपटॉप उघडला, दोन्ही बेटांवरच्या विमानतळांची नावं टाकली. अंतर आलं, वेळ आली.

"अहो दाजी, फक्त पंचवीस मिनिटं! आम्हाला स्वारगेटला जायला जास्त लागतात. संध्याकाळपर्यंत बघा. उगाच तिला हादरे कशाला?"

सुनेने देव पाण्यात घातले आणि ती घरूनच ऑफिसच्या मीटिंगला बसली. सगळ्यांनी आपापलं काम केलं.

दुपारी तिकडे आभाळ भरलं, रक्तही वाढलं. मग हेलिकॉप्टर मागवलं, ते निघालं आणि माघारी वळलं.

मी मुलाला विचारलं, "ते हेलिकॉप्टर असतं कुठे?"

"पोर्ट ब्लेअरला."

"म्हणजे आधी तिकडून येणार, मग हिला नेणार. तू एकच फेरी धरलीस. दारात रिक्षा बोलावली तरी ती आधी येते, मग नेते. आणि ही वेळ कसल्या विमानाची?"

त्याने खाली बारीक अक्षरात लिहिलेलं आता वाचलं. "मोठ्या जेटची."

"ते तिला न्यायला येणार होतं?"

"आई, आता हे बोलून काय उपयोग?"

"काहीच नाही. सकाळी बोलायचं होतं."

सकाळी मीही तिथेच होते, लसूण सोलत. चौथीपर्यंत शिकले आहे, पण जाणं-येणं कळायला तेवढं पुरतं. तरी गप्प बसले. यंत्रावर आकडा उमटला म्हणजे तो खरा, असं मीही धरलं. दुसऱ्यांना नावं ठेवते आहे तर हेही लिहायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेलिकॉप्टर पोचलं. नुसतं यायलाच तासाच्या वर लागला. तोवर बाळंतपण तिथेच झालं होतं. नात पहाटे जन्मली आणि उजाडायच्या आत गेली.

मुलगी जगली.